मेंदूचे शस्त्रवैद्य डॉ. हार्वी कुशिंग

थोर पुरुषांची चरित्रे वाचताना त्यांच्या विजयांची यादी आपण आवडीने पाठ करतो. त्यांच्या पराजयांचा हिशेब मात्र सहसा कोणी मागत नाही, आणि चरित्रकारही तो आपण होऊन देत नाही. ज्यांचे चरित्र आज आम्ही आमच्या विद्यार्थिमित्रांपुढे आणि त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहोत, ते डॉ. हार्वी कुशिंग या नियमाला अपवाद होते. आपल्या हातून वाचलेल्या रोग्यांची मोजदाद त्यांनी ठेवलीच, परंतु न वाचलेल्या रोग्यांचीही मोजदाद तितक्याच काटेकोरपणे ठेवली आणि ती छापून जगापुढे मांडली. त्या दुसऱ्या यादीत लहान मुलांची संख्या मोठी होती. मेंदूत गाठ झालेल्या बालकांना आज जे आयुष्य लाभते, त्याची पहिली पायरी या यादीतूनच घडली, असे आम्हांस वाटते.

चरित्राकडे वळण्यापूर्वी हा रोग कसा असतो ते थोडक्यात पाहू. पाच-सहा वर्षांचे एखादे मूल सकाळी उठते ते डोके धरूनच. काही खाण्यापूर्वीच त्याला वांती होते. वांती झाली की बरे वाटते आणि ते खेळायला पळते. चार दिवस असे झाले की घरात कोणी पित्त म्हणतो, कोणी जंत म्हणतो, आजी दृष्ट काढते, आणि शाळा चुकविण्याचे हे ढोंग असावे अशी शंकाही एखाद्याच्या मनात येते. अशा तक्रारी असणाऱ्या बहुसंख्य मुलांचे दुखणे खरोखरच साधे असते व ते आपोआप बरे होते, हे प्रथमच सांगून ठेवले पाहिजे. परंतु क्वचित एखाद्या मुलाच्या बाबतीत गोष्ट तेथेच थांबत नाही. मूल पाय फाकवून चालू लागते, सपाट जमिनीवर अडखळते, मान एका बाजूस कलती धरते, त्याला एका वस्तूच्या दोन वस्तू दिसू लागतात. पोटाचा म्हणून समजलेला तो रोग पोटाचा नसतोच. तो डोक्याच्या मागील बाजूस, लहान मेंदूत दडलेला असतो.

लहान मेंदूचे काम शरीराचा तोल सांभाळण्याचे. त्याच्या पुढल्या अंगास मेंदूतील चौथी पोकळी आहे. मेंदूच्या आतील पोकळ्यांत एक स्वच्छ द्रव सतत तयार होत असतो आणि या चौथ्या पोकळीतून वाट काढून तो बाहेर येतो. लहान मेंदूच्या मध्यभागी गाठ वाढली की ही वाट बुजते. विहिरीला झरे वाहतेच राहावेत आणि पाणी उपसण्याचा मार्ग मात्र बंद व्हावा, तशी मेंदूची अवस्था होते. द्रव साचतो, कवटीतील दाब वाढतो. रात्रभर आडवे झोपल्याने तो अधिक वाढतो, म्हणून सकाळचे डोके दुखणे आणि सकाळची वांती. तान्ह्या मुलाच्या कवटीचे सांधे अद्याप जुळलेले नसल्यामुळे त्याचे डोकेच मोठे होऊ लागते. दाब फार काळ टिकला तर डोळ्यांच्या मज्जातंतू सुजतात आणि दृष्टी जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशा मुलाच्या आईबापांना वैद्यांपाशी सांगण्यासारखे फारसे काही नव्हते.

हार्वी कुशिंग यांचा जन्म ८ एप्रिल १८६९ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात, एरी सरोवराच्या काठच्या क्लीव्हलंड शहरी झाला. दहा भावंडांत हा सर्वांत धाकटा. पणजोबा वैद्य, आजोबा वैद्य, वडील वैद्य. वैद्यकी ही त्या घराण्याची जणू वतनदारीच होती. वडील डॉ. हेन्री कर्क कुशिंग शिस्तीचे कडक आणि मितभाषी. आई बेट्सी प्रेमळ आणि घर सांभाळणारी. हार्वीने १८९१ मध्ये येल विद्यापीठाची पदवी घेतली. तेथे तो पुस्तकांत बुडालेला विद्यार्थी म्हणून नव्हे, तर बेसबॉलचा उत्तम खेळाडू म्हणून ओळखला जाई. पुढे हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यालयात तो दाखल झाला आणि १८९५ मध्ये वैद्य होऊन बाहेर पडला.

या विद्यार्थिदशेतच एक प्रसंग घडला. त्या काळी शस्त्रक्रियेच्या वेळी रोग्यास ईथर हुंगवून भूल देण्याचे काम विद्यार्थ्यांकडे सोपविले जाई, आणि ते कसे करावे याचे शिक्षण असे काही नसे. असेच एकदा हार्वीला पुढे बोलाविण्यात आले. त्याने भूल दिली, आणि शस्त्रक्रिया पुरी होण्यापूर्वीच तो रोगी दगावला. या घटनेने तरुण कुशिंग हादरून गेला. हा व्यवसायच सोडून द्यावा असे त्याच्या मनाने घेतले. अशा गोष्टी व्हायच्याच, असे वडीलधाऱ्यांनी समजाविले. ती समजूत त्या काळच्या मानाने खोटीही नव्हती, परंतु कुशिंगला ती पुरेशी वाटली नाही. वर्गबंधू अमोरी कॉडमन याच्याबरोबर त्याने पैज लाविली : ज्याची भूल अधिक चांगली ठरेल त्याला दुसऱ्याने जेवण द्यावयाचे. चांगली म्हणजे किती चांगली, हे ठरवावयाचे तर मोजमाप हवे. म्हणून शस्त्रक्रिया चालू असताना रोग्याची नाडी व श्वास ठराविक वेळाने मोजून कागदावर आलेखाच्या रूपाने उतरविण्याचा प्रघात या दोघा मित्रांनी पाडला. आज जगातील प्रत्येक शस्त्रक्रियागृहात भूलतज्ज्ञ जो तक्ता ठेवतो, त्याचे मूळ या पैजेत आहे. कुशिंग यांच्या साऱ्या आयुष्याचे सूत्रही येथेच सापडते. चूक झाली तर रडत बसू नये, तिच्यावर पांघरूणही घालू नये; ती मोजावी, लिहून ठेवावी, आणि पुढच्या रोग्याच्या कामी आणावी.

१८९६ मध्ये कुशिंग बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. विल्यम हॉल्स्टेड यांच्या हाताखाली रुजू झाले. हॉल्स्टेड यांची शस्त्रक्रिया अत्यंत संथ. शरीरातील कोणताही भाग ओढू नये, चिरडू नये, रक्ताचा थेंबही वाया जाऊ देऊ नये, असा त्यांचा दंडक. वेगाने कापणारा तो कुशल, अशी समजूत असलेल्या त्या काळात हा धडा नवा होता. मेंदूसारख्या लोण्याहून मऊ अवयवाला हात घालणाऱ्यास याहून चांगला गुरू लाभला नसता. त्याच नगरीत सुप्रसिद्ध वैद्य विल्यम ऑस्लर यांचा शेजारही कुशिंग यांना लाभला. ऑस्लर यांचे घर तरुण वैद्यांना सदैव मोकळे असे, आणि जुन्या ग्रंथांचे वेड कुशिंग यांना तेथेच लागले.

१९०० मध्ये ते युरोपास गेले. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे थिओडोर कोखर यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी कवटीतील दाबाचा अभ्यास केला. कवटीच्या आतील दाब वाढत गेला की मेंदूला रक्त पोहोचविण्यासाठी शरीर आपला रक्तदाबही वाढविते आणि नाडी मंदावते, ही गोष्ट त्यांनी तेथे प्रयोगांनी स्पष्ट केली. मेंदूच्या रोग्याची नाडी मंदावलेली पाहताच वैद्य आजही सावध होतात, ते या ज्ञानामुळे. या गोष्टीला कुशिंग यांचेच नाव मिळाले आहे. इटलीतील पाव्हिया येथे त्यांनी रिव्हा-रोच्ची यांचे दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे साधे यंत्र पाहिले आणि ते १९०१ मध्ये अमेरिकेत नेले. भूल देताना नाडी व श्वास यांच्या जोडीला रक्तदाबही आता तक्त्यावर येऊ लागला.

परत आल्यावर थोड्याच काळात त्यांच्यापुढे एक किशोरवयीन मुलगी आली. तिचे डोके दुखे, दृष्टी मंद होत चालली होती, वजन वाढले होते. परंतु वयाप्रमाणे तिच्या शरीराची वाढ मात्र झाली नव्हती. मेंदूत गाठ असावी हे कुशिंग यांनी ओळखले. ती कोठे असावी हे मात्र त्यांना ओळखता आले नाही. एकाहून अधिक वेळा कवटी उघडूनही गाठ हाती लागली नाही, आणि मुलगी गेली. शवविच्छेदनात गाठ निघाली ती भलतीकडेच, मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीजवळ. त्याच सुमारास व्हिएन्नातील एका वैद्याने अशाच लक्षणांचा मुलगा वर्णिला होता व रोगाची जागाही अचूक सांगितली होती. कुशिंग यांनी आपली चूक झाकून ठेवली नाही. ती प्रसिद्ध केली. इतकेच नव्हे, तर वाटाण्याएवढ्या त्या ग्रंथीचा त्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. १९१२ मध्ये पीयूष ग्रंथीवरील त्यांचा मोठा ग्रंथ निघाला, आणि शरीराची वाढ, उंची व यौवन यांच्या किल्ल्या या ग्रंथीत आहेत हे जगाला कळले. मुलांमध्ये याच ठिकाणी होणाऱ्या एका विशिष्ट गाठीला क्रेनिओफॅरिंजिओमा हे आज रूढ असलेले नाव १९३२ मध्ये त्यांनीच प्रचारात आणले. त्या एका मुलीच्या मृत्यूने किती मुलांचे निदान सुकर केले, हे मोजणे कठीण आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी मेंदूतील गाठ काढावयास घेणे म्हणजे रोग्यास बहुधा मृत्यूच्या दारी नेणेच होते. बहुतेक शस्त्रवैद्यांच्या हातून असे निम्मे वा त्याहून अधिक रोगी शस्त्रक्रियेनंतर दगावत. शत्रू मुख्यतः दोन होते : रक्तस्राव आणि दाब. शरीरात अन्यत्र फुटलेली रक्तवाहिनी चिमट्यात धरून दोऱ्याने बांधता येते. मेंदूत बांधायला जाल तर तीच फाटते. कुशिंग यांनी १९११ मध्ये चांदीच्या तारेच्या बारीक चापांची युक्ती काढली. वाहिनीवर चाप बसवावयाचा, दाबावयाचा आणि तसाच आत ठेवावयाचा. दाब कमी करण्यासाठी आधी कवटीचा थोडा भाग काढून मेंदूस जागा करून देण्याची पद्धतही त्यांनी रूढ केली. एकेक शस्त्रक्रिया कित्येक तास चाले. ती संपल्यावर कुशिंग स्वतः कागद-पेन्सिल घेऊन पाहिलेल्या भागाचे चित्र काढीत. ही चित्रे इतकी सुरेख असत की चित्रकारानेही ती मिरवावीत. रोग्याची जखम बांधण्याचे काम ते सहसा दुसऱ्यावर सोपवीत नसत.

१९१२ च्या सुमारास ते बॉस्टनच्या नव्या पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात मुख्य शस्त्रवैद्य व हार्वर्डमध्ये प्राध्यापक म्हणून गेले. पुढे महायुद्ध पेटले. १९१७ मध्ये फ्लँडर्सच्या चिखलात, तोफांच्या आवाजात, डोक्यात गोळ्यांचे तुकडे घुसलेल्या सैनिकांवर त्यांनी शस्त्रक्रिया केल्या. मेंदूत रुतलेले लोखंडाचे तुकडे ते चुंबकाने ओढून काढीत. तेथेही त्यांची वही चालूच होती. तीन महिन्यांत अशा जखमांतील मृत्यूंचे प्रमाण शेकडा सुमारे ५५ वरून २९ पर्यंत उतरल्याचे त्यांच्या नोंदी सांगतात. त्याच रणभूमीवर गुरुतुल्य ऑस्लर यांचा एकुलता मुलगा रेव्हिअर जखमी होऊन आला. कुशिंग तेथे उपस्थित होते, परंतु तो वाचला नाही. पुढे कुशिंग यांनी ऑस्लर यांचे दोन खंडांचे चरित्र १९२५ मध्ये लिहून पुरे केले आणि त्यास १९२६ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले.

आता आम्ही या चरित्राच्या मुख्य भागाकडे येतो. मेंदूत गाठ म्हणजे गाठ, सगळ्या सारख्याच, अशी त्या वेळची ढोबळ समजूत होती. मग असे का व्हावे, की एका मुलाची लहान मेंदूतील गाठ काढली तर ते वर्षानुवर्षे ठणठणीत राहते, आणि त्याच वयाचे, तीच लक्षणे असलेले दुसरे मूल काही महिन्यांतच पुन्हा आजारी पडून जाते? शस्त्रक्रिया तीच, हातही तेच. मग फळ निराळे का? हा प्रश्न कुशिंग यांना छळीत होता. १९१९ मध्ये त्यांच्याकडे आलेले पर्सिव्हल बेली या तरुण सहकाऱ्याने साठवून ठेवलेल्या गाठींचे पातळ काप करून, सोन्या-चांदीच्या क्षारांनी ते रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी तपासण्यास आरंभ केला. चारशेहून अधिक गाठी त्यांनी पाहिल्या. एका बाजूस पेशींचे स्वरूप आणि दुसऱ्या बाजूस त्या त्या रोग्याचे पुढे काय झाले याची नोंद, अशी सांगड घालता घालता कोडे उलगडू लागले. गाठींच्या जाती निरनिराळ्या होत्या, आणि प्रत्येक जातीचे भवितव्य निराळे होते.

१९२५ मध्ये बेली व कुशिंग यांनी मुलांच्या लहान मेंदूच्या मध्यभागी होणाऱ्या एका वेगाने वाढणाऱ्या गाठीचे स्वतंत्र वर्णन प्रसिद्ध केले आणि तिला मेड्युलोब्लास्टोमा असे नाव दिले. त्यांनी आधी योजलेले नाव अन्य संशोधकांनी एका वेगळ्याच गाठीस दिल्यामुळे हे नवे नाव घ्यावे लागले. ज्या मूळ पेशीपासून ही गाठ होते असे त्यांनी गृहीत धरले, ती पेशी पुढे कोणालाच सापडली नाही. नाव मात्र टिकले. १९२६ मध्ये या सर्व वर्गवारीचा ग्रंथ निघाला. मेंदूच्या गाठींच्या आजच्या वर्गीकरणाचा पाया तोच होय.

निदान झाले, नाव मिळाले. परंतु उपचाराचे काय? येथे कुशिंग यांच्या प्रामाणिकपणाची खरी कसोटी लागली. १९३० मध्ये त्यांनी मेड्युलोब्लास्टोमाच्या ६१ रोग्यांचा आढावा प्रसिद्ध केला. तीन वर्षांनंतर हयात असलेला रोगी त्यांत एकच होता. जगातील सर्वश्रेष्ठ म्हणून मान्यता पावलेल्या शस्त्रवैद्याने आपल्या अपयशाचा एवढा मोठा आकडा स्वतः होऊन छापावा, ही गोष्ट त्या काळी तर काय, आजही सोपी नाही. ही गाठ द्रवाबरोबर वाहत जाऊन मज्जारज्जूवर ठिकठिकाणी रुजते, हेही त्यांनी व बेली यांनी नमूद केले होते. केवळ शस्त्राने हा रोग हटणार नाही, असा या नोंदींचा निष्कर्ष होता. गाठीवर क्ष-किरणांचा परिणाम होतो असे दिसून आल्याने ते उपायही त्यांनी करून पाहिले.

लगेच पुढल्या वर्षी, १९३१ मध्ये, त्यांनी लहान मेंदूतील दुसऱ्या एका जातीच्या ७६ रोग्यांचा आढावा दिला. ही ॲस्ट्रोसायटोमा जातीची गाठही बहुधा मुलांनाच होते. परंतु ती संथ वाढते, आणि तिच्यासोबत पुष्कळदा पाण्याची पिशवी असते. पूर्वी वैद्य ती पिशवी रिकामी करून समाधान मानीत, आणि काही काळाने ती पुन्हा भरे. पिशवीच्या भिंतीत दडलेली लहानशी गाठ शोधून समूळ काढली तर मूल कायमचे बरे होऊ शकते, हे कुशिंग यांनी दाखवून दिले. दोन शेजारी खाटांवर सारख्याच लक्षणांची दोन मुले आहेत अशी कल्पना करा. एकाच्या आईला निश्चिंत घरी जाण्यास सांगावयाचे आणि दुसरीला काय सांगावयाचे हे न समजून वैद्याने मान खाली घालावयाची. त्या काळच्या शास्त्राची मर्यादा ती हीच. परंतु कोणत्या आईला काय सांगावयाचे हे तरी आता निश्चित कळू लागले होते.

या सर्व नोंदींमागे आणखी एक व्यक्ती होती, तिचा उल्लेख न करणे अन्यायाचे होईल. लुईस आयझेनहार्ट ही तरुणी १९१५ मध्ये कुशिंग यांच्या कचेरीत लेखनिक-सहायक म्हणून आली. काम करता करता तिला या विषयाची गोडी लागली. तिने वैद्यकीय शिक्षण घेतले, १९२५ मध्ये पदवी मिळविली आणि मेंदूच्या गाठी ओळखण्यात ती जगातील अग्रगण्य तज्ज्ञ झाली. गाठीच्या प्रत्येक शस्त्रक्रियेची व तिच्या फलाची नोंद ती एका छोट्या काळ्या वहीत ठेवी. रुग्णालयातून बरे होऊन गेलेल्यांनी शस्त्रक्रियेच्या वाढदिवशी दरवर्षी आपली खुशाली पत्राने कळवावी, अशी कुशिंग यांची विनंती असे; ही पत्रेही जपली जात. १९४४ मध्ये मेंदूच्या शस्त्रक्रियेला वाहिलेले प्रमुख अमेरिकन नियतकालिक निघाले, तेव्हा त्याचे संपादकपद डॉ. आयझेनहार्ट यांच्याकडे आले. लेखनिकापासून संपादकापर्यंतचा हा प्रवास आमच्या विद्यार्थिनींनी विशेष लक्षात ठेवावा.

कुशिंग देवमाणूस होते असे आम्ही म्हणणार नाही. हाताखालच्या तरुण वैद्यांशी ते कठोरपणे, कधी कधी निष्ठुरपणे वागत. शिष्य वॉल्टर डँडी याने १९१८ मध्ये मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरून क्ष-किरणांनी गाठीची जागा शोधण्याची मोलाची युक्ती काढली. परंतु या शिष्याशी त्यांचे वैर जुळले ते अखेरपर्यंत निवळले नाही. पत्नी कॅथरीन व पाच मुले यांच्या वाट्याला ते फार थोडे आले. १९२६ च्या जून महिन्यात त्यांचा थोरला मुलगा विल्यम मोटार-अपघातात गेला. बातमी कळल्यावर त्यांनी ती पत्नीस सांगितली, आणि त्या दिवशी ठरलेली शस्त्रक्रिया करावयास ते रुग्णालयात गेले. यास कर्तव्यनिष्ठा म्हणावे की दुःखापासून पळणे म्हणावे, ते वाचकांनीच ठरवावे. आम्हांस एवढेच दिसते, की टेबलावर निजलेल्या रोग्याचेही कोणी तरी घरी वाट पाहत होते.

त्याच वर्षी विल्यम बोव्ही या शास्त्रज्ञाच्या साहाय्याने त्यांनी विजेच्या प्रवाहाने कापण्याचे व रक्त थांबविण्याचे यंत्र मेंदूच्या शस्त्रक्रियेत आणले. पूर्वी रक्तस्रावाच्या भीतीने ज्यांच्या गाठी अर्धवट सोडून द्याव्या लागल्या होत्या, अशा रोग्यांना त्यांनी पुन्हा बोलावून घेतले. नोंदी जपल्या नसत्या तर त्यांना बोलाविणार तरी कसे? १५ एप्रिल १९३१ रोजी त्यांनी मेंदूतील दोन हजाराव्या गाठीवर शस्त्रक्रिया केली. एके काळी निम्म्याहून अधिक असलेले मृत्यूंचे प्रमाण त्यांच्या हाती शेकडा १० च्या आसपास आले होते.

१९३२ मध्ये ते ब्रिगहॅममधून निवृत्त झाले व पुढील वर्षी येल येथे प्राध्यापक म्हणून गेले. अतिधूम्रपानाने त्यांच्या पायांतील रक्तप्रवाह बिघडला होता. शेवटची वर्षे वेदनेतच गेली. ७ ऑक्टोबर १९३९ रोजी न्यू हेवन येथे, वयाच्या सत्तराव्या वर्षी, हृदयविकाराने त्यांचे देहावसान झाले. शवविच्छेदनात त्यांच्या स्वतःच्या मेंदूतही एक लहानशी निरुपद्रवी गाठ आढळली. दोन हजारांवर गाठी ज्याने शोधल्या, त्याच्या डोक्यातील गाठ मात्र त्याला कधी कळली नाही!

त्यांचे काम त्यांच्यासोबत संपले नाही. त्यांच्या हाताखाली शिकलेले फ्रँक इंग्रॅहॅम यांनी १९२९ मध्ये बॉस्टनच्या बालरुग्णालयात केवळ मुलांच्या मेंदू-शस्त्रक्रियेचे काम सुरू केले. तरुणपणी कुशिंग यांच्या रुग्णालयात उमेदवारी केलेले वाइल्डर पेनफील्ड पुढे कॅनडात माँट्रिअल येथे मोठे गुरू झाले. त्यांच्या संस्थेत शिकून आलेले डॉ. जेकब चँडी यांनी १९४९ मध्ये वेल्लोर येथे मेंदू-शस्त्रक्रियेचा विभाग उभारला. अशा रीतीने ही परंपरा आपल्या देशातही येऊन पोहोचली.

आणि ती ६१ रोग्यांची यादी? ती वाचणाऱ्यांनी हार मानली नाही. गाठ द्रवावाटे पसरते हे कुशिंग व बेली यांचे निरीक्षण ध्यानी घेऊन, मँचेस्टरच्या डॉ. एडिथ पॅटर्सन व त्यांचे सहकारी यांनी संपूर्ण मेंदू आणि मज्जारज्जू या दोहोंना किरणोपचार दिला. १९५३ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक तीन वर्षांनंतर जिवंत होती. १९७१ मध्ये संगणकाच्या साहाय्याने मेंदूचे आडवे छेद दाखविणारे सीटी यंत्र आले आणि त्यामागून एमआरआय आले. कवटी न उघडता गाठ दिसू लागली. औषधोपचारांची जोड मिळाली. २०१२ च्या सुमारास या एकाच नावाखाली चार निरनिराळे रोग आहेत, हे पेशींतील जनुकांच्या अभ्यासावरून सर्वमान्य झाले; बेली यांनी सूक्ष्मदर्शकाखाली आरंभिलेली वर्गवारीच एक पायरी खाली उतरली. हा रोग विरळाच. दहा लाख मुलांमागे वर्षाला सुमारे पाच. तो वेळीच ओळखला गेला, पसरलेला नसला आणि सर्व उपचार मिळाले, तर आज दहापैकी सात-आठ मुले पाच वर्षांचा टप्पा ओलांडतात. किरणांमुळे काही मुलांची उंची खुंटते, स्मरणशक्ती मंदावते. अगदी लहान मुलांत तो उपचार शक्यतो टाळावा वा लांबवावा लागतो. झगडा संपलेला नाही. परंतु एकसष्टात एक आणि दहात सात-आठ, या दोन आकड्यांत जे अंतर आहे, ते नव्वद वर्षांच्या परिश्रमाचे आहे.

कुशिंग यांनी जपलेल्या मेंदूंच्या शेकडो बरण्या येल येथे पुढे विस्मृतीत गेल्या होत्या. १९९० च्या दशकात वैद्यकीय विद्यार्थी वसतिगृहाच्या तळघरात चोरून शिरून त्या पाहून येत. एका विद्यार्थ्याच्या अभ्यासामुळे त्यांचे मोल पुन्हा ध्यानी आले आणि २०१० मध्ये त्या विद्यापीठाच्या वैद्यकीय ग्रंथालयात व्यवस्थित मांडण्यात आल्या. त्या बरण्यांपुढे उभा राहणारा मनुष्य वस्तुतः एका वैद्याच्या प्रश्नांपुढेच उभा असतो.

पालकांस आमची एक विनंती आहे. सकाळची डोकेदुखी व वांती पुन्हा पुन्हा होत असेल, आणि त्यात चालण्याचा तोल जाणे वा दोन-दोन दिसणे यांची भर पडली, तर घाबरून जाऊ नये. पण पित्ताच्या काढ्यावर आठवडे घालवू नयेत. मुलास डॉक्टरांकडे न्यावे आणि त्याच्या चालण्याविषयी आपण जे पाहिले ते नीट सांगावे. आईचे निरीक्षण हे निदानाचे पहिले यंत्र आहे.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांस एवढेच सांगावयाचे आहे. गणिताच्या वहीत चुकलेले उदाहरण आपण खोडरबराने पुसून टाकतो आणि बरोबर आलेलेच मास्तरांना दाखवितो. कुशिंग यांनी चुकलेली उदाहरणे पुसली नाहीत. ती त्यांनी तारीख घालून जपून ठेवली, म्हणूनच त्यांना न सुटलेले गणित त्यांच्यामागून आलेल्यांना सोडविता आले. त्या ६१ नोंदींमधील मुलांची नावे आज कोणास ठाऊक नसतील. तथापि पुढे वाचलेल्या प्रत्येक मुलाच्या आयुष्यात त्यांचा वाटा आहे.